तडकलेल्या मॅग्नेशियम गिअरबॉक्स केससाठी फिलर रॉड: ओळख, निवड, चाचणी आणि नेहमीच्या चुका

मॅग्नेशियमच्या गिअरबॉक्स केसवर (बाहेरच्या कवचावर) मारलेला वेल्ड थंड होता होता फुटला की दोष वेल्डरच्या हाताला किंवा मशीनच्या सेटिंगला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा आर्क पेटण्याआधीच झालेली असते. केस कोणत्या मिश्रधातूची आहे हे न पाहताच फिलर रॉड (वितळवून तड्यात भरायची धातूची कांडी) उचललेली असते, किंवा रॉड योग्य असूनही तड्यातलं तेल तसंच राहिलेलं असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. रॉड विकत घेणं हे यातलं पहिलं काम नाही, चौथं आहे.

## १. केस खरंच मॅग्नेशियमची आहे का?

ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या जुन्या, तेलकट केस डोळ्यांना सारख्याच दिसतात. वजनात मात्र मोठा फरक असतो. मॅग्नेशियम मिश्रधातूंची घनता १.८ च्या आसपास असते, तर ॲल्युमिनियमची २.७. तरीही हातातल्या अंदाजावर थांबू नका.

केसच्या बाहेरच्या, बिनमहत्त्वाच्या जागी कानशीने नाण्याएवढा भाग चकचकीत करा आणि त्यावर साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येऊन थेंब फसफसतो. ॲल्युमिनियमवर थेंब शांत पडून राहतो. चाचणी झाली की जागा पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा, कारण आम्ल तिथे राहिलं तर धातू खात राहील. रंगावर किंवा पिवळसर-तपकिरी क्रोमेट थरावर (गंजरोधक लेपावर) थेंब टाकून काही कळत नाही, उघडा धातूच हवा.

काही केस इथेच बाजूला ठेवा:

- विमान किंवा हेलिकॉप्टरचा भाग. त्याची दुरुस्ती फक्त मान्यताप्राप्त पद्धतीने आणि अधिकृत ठिकाणीच होते.
- नावात एच असलेले जुने थोरियमयुक्त मिश्रधातू, उदाहरणार्थ एचके३१ किंवा एचझेड३२. हे किरणोत्सर्गी आहेत. त्यांच्यावर कानस, ग्राइंडर, आर्क काहीही चालवू नका.
- तडा बेअरिंगच्या बैठकीतून आरपार गेलेला आणि नंतर बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) मशीन करून घेण्याची सोय नसलेली केस.
- क्षरणाने भिंत पोखरून पांढरी भुकटी सुटत असलेली केस. खाली निरोगी धातूच उरलेला नसतो, वेल्डला धरायला जागा मिळत नाही.

## २. मिश्रधातूचं कुटुंब ओळखा

सगळा निर्णय एका प्रश्नावर येऊन थांबतो: या धातूत झिर्कोनियम आहे की ॲल्युमिनियम? ओतीव मॅग्नेशियमची ही दोन मोठी कुटुंबं आहेत. एकात ॲल्युमिनियम ताकद देतं, दुसऱ्यात झिर्कोनियम कण बारीक ठेवतं. ही दोन मूलद्रव्यं एकाच वितळलेल्या धातूत नांदत नाहीत. एकत्र आली की त्यांचं आपसात संयुग बनतं, झिर्कोनियम द्रावणातून बाहेर पडतं आणि बारीक कणांचा फायदा जातो. चुकीच्या कुटुंबाची रॉड वापरल्यावर वेल्ड आणि मूळ धातू मिसळतात त्या पट्ट्यात नेमकं हेच घडतं.

नावावरून ओळख. केसवर ओतलेलं नाव शोधा. इंग्रजी अक्षरं मूलद्रव्यं सांगतात: ए म्हणजे ॲल्युमिनियम, झेड जस्त, एम मँगनीज, एस सिलिकॉन, ई दुर्मीळ मृदा धातू, जे स्ट्रॉन्शियम, के झिर्कोनियम, क्यू चांदी, डब्ल्यू यिट्रियम. पुढचे आकडे त्यांची ढोबळ टक्केवारी. एझेड९१ म्हणजे सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त. युरोपीय केसवर हेच एमजीएएल९झेडएन१ असं किंवा ईएन-एमसी२११२० या क्रमांकाने लिहिलेलं असतं.

इथे एक सापळा आहे. नावात फक्त दोन प्रमुख मूलद्रव्यं येतात. झेडई४१, ईझेड३३, क्यूई२२, डब्ल्यूई४३ या सगळ्यांत झिर्कोनियम आहे, पण नावात के नाही. त्यामुळे के शोधत बसू नका, ए शोधा. ओतीव केसच्या नावात ए असेल, म्हणजे एझेड, एएम, एएस, एई, एजे यांपैकी काही, तर ॲल्युमिनियमचं कुटुंब. ए नसेल तर झिर्कोनियमचं कुटुंब धरून चाला. जुन्या ब्रिटिश नावांपैकी आरझेड५ म्हणजे झेडई४१ आणि झेडआरई१ म्हणजे ईझेड३३.

दुसरी गफलत एई मालिकेत होते. एई४२ किंवा एई४४ मध्ये दुर्मीळ मृदा धातू आहेत म्हणून लोक ईझेड३३ची रॉड उचलतात. त्यात ॲल्युमिनियमही आहे आणि झिर्कोनियम नाही, म्हणजे ती केस ॲल्युमिनियम कुटुंबातलीच.

ओतकामावरून ओळख. नाव सापडत नसेल तर केस कशी ओतली आहे ते पाहा. पातळ आणि सारख्या जाडीच्या भिंती, गुळगुळीत पृष्ठभाग, दाट बारीक रिब आणि आतून इजेक्टर पिनचे गोल ठसे असतील तर ती डायकास्ट केस आहे. झिर्कोनियमवाले मिश्रधातू डायकास्टिंगला वापरत नाहीत, ते वाळूच्या साच्यात किंवा कायम साच्यात गुरुत्वाने ओतले जातात. त्यामुळे डायकास्ट केस दिसली की ॲल्युमिनियम कुटुंब जवळजवळ पक्कं. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारींच्या केस बहुधा अशाच असतात.

उलट बाजूने हा नियम चालत नाही. खरखरीत पृष्ठभाग आणि जाड भिंती असलेली वाळूत ओतलेली केस एझेड९१सी किंवा एझेड९२ए असू शकते, तशी झेडई४१सुद्धा. शर्यतीच्या गाड्यांच्या आणि जुन्या खास यंत्रांच्या केसबाबत डोळ्यांवर विसंबू नका, विश्लेषण करून घ्या.

यंत्राने ओळख. हातातला एक्स-रे फ्लुओरेसन्स गन झिर्कोनियम, जस्त आणि दुर्मीळ मृदा धातू चांगले दाखवतो. ॲल्युमिनियमसारखी हलकी मूलद्रव्यं त्याला जड जातात, पण आपला प्रश्न झिर्कोनियमचा असल्याने ते पुरतं. वाचन घेताना दोन गोष्टी फसवतात. अलीकडच्या क्रोमेटमुक्त लेपांत बरेचदा झिर्कोनियमच असतं, आणि झिर्कोनियाच्या फ्लॅप डिस्कने घासलेल्या जागेत अपघर्षकाचे कण रुतून बसतात. दोन्ही वेळा यंत्र धातूत नसलेलं झिर्कोनियम दाखवतं. वाचनाची जागा कानशीने किंवा कार्बाइड बरने उघडी करा आणि दोन-तीन ठिकाणी वाचा.

> तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर एक ओळ लिहिता आली पाहिजे: "ही केस अमुक कुटुंबातली, कारण अमुक खूण." कारण लिहिता येत नसेल तर रॉड ठरवायची वेळ आलेली नाही.

## ३. चार रॉड आणि त्यांतली आपली

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या एडब्ल्यूएस ए५.१९ या मानकात मॅग्नेशियमसाठी येणाऱ्या चार रॉडभोवती केसचं जवळपास सगळं काम फिरतं.

एझेड९२ए. ॲल्युमिनियम ८.३ ते ९.७ टक्के, जस्त १.७ ते २.३ टक्के. एझेड९१, एझेड९२, एझेड८१, एएम६० अशा ॲल्युमिनियम कुटुंबातल्या ओतीव केससाठी पहिली पसंती हीच.

एझेड१०१ए. ॲल्युमिनियम ९.५ ते १०.५ टक्के, जस्त ०.७५ ते १.२५ टक्के. त्याच केससाठी तितकीच योग्य. जस्त जास्त झालं की गरम असतानाच तडकण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे घट्ट जखडलेल्या कोपऱ्यात एझेड९२ए चाचणीत तडकत असेल तर ही करून पाहावी.

एझेड६१ए. ॲल्युमिनियम ५.८ ते ७.२ टक्के, जस्त ०.४ ते १.५ टक्के. ही मुख्यतः पत्रे आणि एक्सट्रूजनसाठी (साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्या-नळ्यांसाठी), म्हणजे एझेड३१, एझेड६१ यांच्यासाठी. स्वस्त आणि सहज मिळते म्हणून केसवर वापरली जाते, आणि इथेच सर्वांत जास्त वेल्ड वाया जातात.

ईझेड३३ए. दुर्मीळ मृदा धातू २.५ ते ४ टक्के, जस्त २ ते ३.१ टक्के, झिर्कोनियम ०.४५ ते १ टक्का. झेडई४१, ईझेड३३, क्यूई२२ अशा झिर्कोनियम कुटुंबासाठी. ॲल्युमिनियम कुटुंबावर वापरू नये.

एझेड६१ए ओतीव एझेड९१वर का दगा देते ते समजून घेण्यासारखं आहे. एझेड९१ साधारण ५९५ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतं, पण कणांच्या कडांना राहिलेला ॲल्युमिनियमने भरलेला द्रव पार ४३७ अंशांपर्यंत पातळ राहू शकतो. एझेड६१ए त्याच्या कितीतरी आधी, ५२५ अंशांच्या आसपास घट्ट होते. म्हणजे रॉडचा धातू गोठून आकसायला लागतो तेव्हा शेजारच्या केसच्या कणांच्या कडा अजून ओल्या असतात. आकसणारा वेल्ड त्यांना ओढतो आणि बीडच्या (वेल्डच्या पट्टीच्या) कडेने अगदी बारीक तडे उमटतात. एझेड९२ए आणि एझेड१०१ए केसच्या धातूइतक्याच उशिरा गोठतात, त्यामुळे ताण मूळ धातूच्या कमजोर कडांवर येत नाही. सूत्र सोपं आहे: रॉड केसच्या आधी गोठता कामा नये.

सिलिकॉनवाल्या एएस२१, एएस४१ केसमध्ये ॲल्युमिनियम कमी असतं, तरीही त्या ॲल्युमिनियम कुटुंबातल्याच. त्यांच्यावरही सुरुवात एझेड९२एने करा. हे मिश्रधातू उष्णतेत आकार टिकवावा म्हणून निवडलेले असतात, तर ॲल्युमिनियमने भरलेला वेल्ड १२० अंशांच्या वर मऊ पडून हळूहळू सरकतो. तिथे वेल्ड जरा जाड ठेवा आणि बोल्टचा सततचा दाब थेट त्याच्यावर येऊ देऊ नका.

जस्त ४ ते ६ टक्के असलेले झेडके५१, झेडके६१ हे मिश्रधातू वेल्डिंगला फार अवघड. ईझेड३३एनेही ते गरम असतानाच तडकतात. साध्या दुकानात हात न लावलेलाच बरा.

> सावधान: ५३५६ ही मॅग्नेशियमची रॉड नाही. ती ॲल्युमिनियमची रॉड आहे आणि तिच्यात मॅग्नेशियम फक्त ५ टक्के असतं. मॅग्नेशियम केसवर ती वितळवली की वितळलेल्या धातूच्या डबक्यात ॲल्युमिनियमचं प्रमाण इतकं चढतं की बराचसा वेल्ड ठिसूळ संयुगाचा बनतो. तो दिसायला छान दिसतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा तुटतो. ४०४३चीही तीच गत, त्यात सिलिकॉनची भर.

एखाद्या मोडक्या केसच्या पट्ट्या कापून रॉड म्हणून वापरण्याचीही सवय आढळते. रासायनिक जुळणी त्यात होते हे खरं, पण डायकास्ट धातूत वायू कोंडलेला असतो आणि जुन्या केसमध्ये तेल मुरलेलं असतं. दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतःच्या हाताने वेल्डमध्ये भरता. दाब आणि तेल धरणाऱ्या केससाठी हा मार्ग टाळा.

## ४. जाडी आणि किती रॉड लागतील

भिंत ३ मिमीपर्यंत असेल तर १.६ किंवा २.४ मिमी, ३ ते ६ मिमीला २.४ मिमी, त्याहून जाड लगला (बोल्टसाठी बाहेर आलेल्या कानाला) किंवा मोठी खाच भरायला ३.२ मिमी. फार बारीक रॉड घेतली की तेवढाच धातू भरायला जास्त लांबी आत जाते. जास्त लांबी म्हणजे जास्त पृष्ठभाग, आणि त्याच्यासोबत जास्त ऑक्साइड. फार जाड रॉड डबकं थंड करते आणि मुळाशी वेल्ड चिकटत नाही.

हिशोब असा मांडा. ६ मिमी खोल, ६० अंशांच्या व्ही-खाचेचं क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस मिमी असतं, वरचा फुगवटा धरून २८. म्हणजे १०० मिमी लांबीला २८०० घन मिमी धातू, वाया जाणारा ३० टक्के धरून ३६०० च्या पुढे. २.४ मिमी जाड आणि ९१५ मिमी लांब रॉडमध्ये सुमारे ४१०० घन मिमी धातू असतो. म्हणजे दर १०० मिमी तड्याला एक रॉड. दोन्ही बाजूंनी वेल्ड असेल तर दुप्पट, आणि चाचणीसाठी वर दोन. अर्ध्या कामात रॉड संपल्यावर दुसऱ्या प्रकारची रॉड जोडून काम पुरं करणं हा वेल्ड तडकवण्याचा खात्रीचा रस्ता आहे.

## ५. रॉड पारखणं आणि साफ करणं

पाकिटाबाहेर पडलेल्या रॉड सगळ्या एकसारख्या दिसतात. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची सरमिसळ झाली असल्याची शंका आली तर अचूक काट्यावर वजन करा. ९१५ मिमी लांब रॉडची वजनं साधारण अशी:

- १.६ मिमी: मॅग्नेशियम ३.३ ग्रॅम, ॲल्युमिनियम ५ ग्रॅम
- २.४ मिमी: मॅग्नेशियम ७.५ ग्रॅम, ॲल्युमिनियम ११ ग्रॅम
- ३.२ मिमी: मॅग्नेशियम १३.३ ग्रॅम, ॲल्युमिनियम २० ग्रॅम

मॅग्नेशियमच्या चार रॉड एकमेकींपासून मात्र वजनाने ओळखता येत नाहीत. ठसा किंवा चिठ्ठी नसलेली रॉड टाकून द्या. कापताना ठसा असलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा, वेल्ड दुसऱ्या टोकाने सुरू करा.

मॅग्नेशियमवर हवेतल्या ओलाव्याने राखाडी-पांढरा थर चढतो. तो पाणी धरून ठेवतो आणि आर्कखाली हायड्रोजन सोडतो, त्यातून छिद्रं होतात. म्हणून रॉड वापरायच्या दिवशीच साफ करायची. आधी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसा, मग न वापरलेल्या नायलॉन घासणीने चकचकीत करा, शेवटी पुन्हा ॲसिटोन. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. नंतर रॉड उघड्या हाताने धरू नका, स्वच्छ कोरडे हातमोजे वापरा. खड्डे पडलेली रॉड साफ होत नाही, ती बाद. उरलेल्या रॉड झाकणबंद नळीत सिलिका जेलसोबत ठेवा.

## ६. केसमधलं तेल बाहेर काढणं

या टप्प्याला घाई केली तर बरोबर निवडलेली रॉडही कामाची राहत नाही. गिअर ऑइल तड्यात आणि ओतकामाच्या छिद्रांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं.

सगळी बेअरिंग, सील, बुश आणि पोलादी इन्सर्ट काढा. मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे तापवताना आत राहिलेलं बेअरिंग सैल होऊन वेडंवाकडं बसतं. मग केस गरम अल्कलीयुक्त द्रावणात धुवा. इथे मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या उलट वागतं: तीव्र अल्कली त्याला खात नाही, आम्ल खातं. गंज काढायचं आम्ल किंवा ॲल्युमिनियम उजळवायचं द्रावण वापरू नका.

धुतल्यावर केस भट्टीत १५० ते १८० अंशांवर तास-दीड तास ठेवा. तड्यातून तेल घामासारखं वर येईल. गरम असतानाच कोरड्या फडक्याने टिपा, थंड झाल्यावर ॲसिटोनने पुसा आणि पुन्हा भट्टीत ठेवा. तेल येणं थांबेपर्यंत ही फेरी चालू राहते. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय केस भट्टीत घालू नका.

> सावधान: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर किंवा द्रावक वेल्डिंगच्या जागी वापरू नका. त्याचा अंश आर्कखाली फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतो.

## ७. खाच पाडण्याआधी चाचणी रन

तड्याला हात लावण्याआधी त्याच केसच्या बाहेरच्या जाड रिबवर किंवा बिनकामाच्या लगवर चाचणी घ्या. जागा कानशीने उघडी करा, फक्त मॅग्नेशियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशने घासा आणि केस १५० अंशांपर्यंत तापवा.

आधी रॉडशिवाय छोटं डबकं करा. ते आरशासारखं चमकत राहिलं तर धातू स्वच्छ आहे. ठिणग्या उडाल्या, डबकं फुटफुटलं किंवा पुसून न जाणारी काजळी आली तर सहाव्या टप्प्यावर परत जा.

मग रॉड घालून ३० ते ४० मिमीचा बीड मारा, हळू थंड होऊ द्या, ब्रश करा आणि भिंगातून पाहा. शक्य असेल तर वर रंगीत पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा द्रव) लावा. तडा कुठे आहे यावरून कारण कळतं:

- बीडच्या मध्यातून लांब तडा: रॉडची निवड चुकली आहे किंवा मूळ धातू जास्त वितळून रॉडमध्ये मिसळला आहे. कुटुंब पुन्हा तपासा, करंट कमी करून रॉड जास्त घाला.
- बीडच्या कडेला, केसच्या धातूत बारीक तडे: रॉड लवकर गोठते आहे किंवा तापवणं कमी पडलं. एझेड६१ए वापरली असेल तर बदला.
- फक्त शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखा तडा: रॉडचा दोष नाही. करंट एकदम बंद केला गेला आहे.
- तडा नाही, पण छिद्रं: तेल, ओलसर रॉड किंवा डायकास्टमधला कोंडलेला वायू. रॉड बदलून हा प्रश्न सुटत नाही.

बीड स्वच्छ आला तर त्याच्या बाजूवर हलका हातोडा मारून पाहा. कडेने पापुद्र्यासारखा सुटला तर वेल्ड चिकटलेलाच नाही.

## ८. खाच

तड्याची टोकं पेनेट्रंटने शोधा. दिसणाऱ्या टोकाच्या ५ ते ६ मिमी पुढे ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे वेल्ड करताना तडा पुढे पळणार नाही. मग खरखरीत दात्यांच्या कार्बाइड बरने तडा पूर्ण नाहीसा होईपर्यंत कोरा. खाच ६० ते ९० अंशांची, तळ गोलसर. तडा आरपार असेल तर मुळाशी सुमारे १.५ मिमी फट ठेवा. ग्राइंडिंगचा दगड टाळा, कारण त्याचे कण आणि चिकटवणारं राळ मऊ धातूत रुतून बसतात. खाच झाली की पेनेट्रंट पुन्हा लावून तडा उरला नाही ना ते पाहा. नंतर पेनेट्रंट पूर्ण धुऊन केस एकदा परत भट्टीत तापवा.

> सावधान: मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेतो आणि हवेत उडालेली धूळ स्फोटक असते. कीस जाड पडेल असं कोरा, दर थोड्या वेळाने झाडून धातूच्या डब्यात टाका, ओला चुरा बंद डब्यात साठवू नका. पोलाद घासलेल्या ग्राइंडरवर मॅग्नेशियम घासू नका. हाताशी डी वर्गाचं (धातूच्या आगीसाठीचं) अग्निशामक किंवा कोरडी बिडाची कीस ठेवा. पाणी, फेस आणि कार्बन डायऑक्साइडने ही आग भडकते.

## ९. वेल्डिंग

केस जोडीदार अर्ध्या केसवर किंवा जाड प्लेटवर बोल्टने बसवा. त्याआधी बेअरिंगच्या बोअरची मापं घेऊन लिहून ठेवा. पूर्ण केस भट्टीत १५० ते २०० अंशांपर्यंत सारखी तापवा. गॅसच्या बर्नरने एकच कोपरा तापवला तर उरलेली थंड केस त्या कोपऱ्याला जखडते आणि तडा दुसरीकडे उघडतो. डायकास्ट केस फार तापवली तर आतला वायू फुगून पृष्ठभागावर फोड येतात, म्हणून तापमान थर्मोकपल किंवा तापमानाच्या खडूने मोजा.

टिग (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गॉन वायूचं वेल्डिंग), एसी करंट, शुद्ध आर्गॉन मिनिटाला ८ ते १२ लिटर. २.४ मिमी लँथनेटेड टंगस्टन, बॅलन्स इलेक्ट्रोड निगेटिव्हकडे ६५ ते ७५ टक्के. ३ मिमी भिंतीला ७५ ते ११५ अँपिअरच्या दरम्यान सुरुवात करा, तापलेल्या केसला कमी लागतात. फ्लक्स वापरू नका. गॅस वेल्डिंगच्या फ्लक्समधले क्लोराइड मागे राहून वेल्ड आतून खातात.

मॅग्नेशियम वितळताना रंग बदलत नाही, पृष्ठभाग अचानक चकाकतो. तो क्षण दिसला की रॉड डबक्याच्या पुढच्या कडेला बुडवा आणि मागे घ्या, पण टोक आर्गॉनच्या आवरणाबाहेर जाऊ देऊ नका. एकदा बाहेर जाऊन पांढरं पडलेलं टोक कापून टाका. तेच परत बुडवलं तर ऑक्साइड थेट वेल्डमध्ये जातं, आणि ते २८०० अंशांच्या पुढेच वितळत असल्याने तिथे तसंच राहतं.

एका वेळी २५ ते ३० मिमीच वेल्ड मारा, नंतर दूरच्या जागी जा. भोकापासून मधल्या दिशेने या. प्रत्येक थरानंतर ब्रश करा. शेवटी पेडलने करंट हळू उतरवत खड्डा रॉडने भरा आणि आर्गॉन ८ ते १० सेकंद चालू ठेवा.

> तपासणी: पहिला थर पूर्ण झाला की थांबा, भिंगातून पाहा. तडा दिसला तर त्याच्यावरून दुसरा थर मारू नका. वरचा थर त्याला झाकतो, भरत नाही. कोरून काढा.

धूर ओढून घेणारी सोय हवीच. जुन्या केसवर क्रोमेटचा थर असेल तर खाचेच्या दोन्ही बाजूंनी २५ मिमीपर्यंत तो आधी काढलेला असला पाहिजे.

## १०. वेल्डनंतर

केस वाळू किंवा सिरॅमिक चादरीत झाकून हळू थंड करा. ॲल्युमिनियम कुटुंबातल्या वेल्डमध्ये उरलेला ताण पुढे ओलाव्याच्या साथीने पुन्हा तडे पाडतो, कधी काही आठवड्यांनी, म्हणून ताण उतरवणं टाळू नका. ओतीव एझेड मिश्रधातूंना २६० अंशांवर १ तास, झेडई४१ आणि ईझेड३३ला ३३० अंशांवर २ तास. डायकास्ट केसला २६० अंशांवर फोड येण्याचा धोका असतो, तेव्हा आधी तशाच एखाद्या मोडक्या केसचा तुकडा भट्टीत ठेवून पाहा. केस भट्टीत सपाट आधारावर, जोडीदार केसला बोल्ट केलेलीच ठेवा.

बोअरची मापं आता पुन्हा घ्या आणि मशीनिंग यानंतरच करा. ताण उतरवण्याआधी मशीन केलेला बोअर भट्टीतून बाहेर येताना हलतो.

गळती तपासायला वेल्डच्या बाहेरच्या बाजूला खडूचं पाणी लावून वाळू द्या, आतून रॉकेल लावा आणि अर्धा तास थांबा. ओला डाग उमटला तर जागा कळते. सगळ्या वेल्डभर बारीक झिरपणं असेल आणि ताकदीला धोका नसेल तर राळेने छिद्रं बुजवता येतात. एकाच ठिकाणी डाग असेल तर तो तडा समजा आणि पेनेट्रंट लावा.

उघडा वेल्ड तसाच सोडू नका. मॅग्नेशियमला चालणारं रूपांतर-लेपन (रसायनाने पृष्ठभागावर संरक्षक थर बनवणं) करून मग प्रायमर आणि रंग लावा. पोलादी बोल्टखाली ॲल्युमिनियमचे वॉशर घाला, नाहीतर ओलावा लागताच बोल्टभोवतीचा धातू खाल्ला जातो. रंग वाळल्यावर वेल्डजवळ केसचा मिश्रधातू आणि वापरलेल्या रॉडचं नाव टिकाऊ शाईने लिहून ठेवा. पुढे त्याच जागी पुन्हा काम निघालं तर दुसऱ्या कुटुंबाची रॉड या वेल्डवर चढणार नाही.